रीफ टँकची वाळू : क्रश्ड कोरल, ऊलाइट, लाइव्ह सँड, सिलिका सगळं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, १ ते २ मिलिमीटर दाण्याची कोरडी ॲरगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू घ्या, आणि तिच्यावर कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टँकमधली वाटीभर वाळू पसरा. एवढं केलं की पैसे पण वाचतात आणि कोरल पण सुरक्षित राहतात. हे मी कशावरून म्हणतोय ते आता सविस्तर लिहितो, कारण मला सुरुवातीला कुणी हे नीट सांगितलं असतं तर दोन टँक परत उपसायची पाळी माझ्यावर आली नसती.

वाळूकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. लाइट घेताना महिना महिना वाचतो, स्किमरसाठी (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दहा जणांना विचारतो, आणि वाळू म्हणजे काय, खाली पसरायची वस्तू, जी मिळेल ती घेतो. पण लाइट कधीही बदलता येतो, स्किमर पण बदलता येतो, वाळू एकदा पडली की ती बदलायची म्हणजे चालू टँक उचकटायचा, रॉक काढायचे, मासे बादल्यांत, कोरल डब्यांत, आणि तळाशी वर्षभर साचलेली सगळी घाण पाण्यात. त्यात अमोनिया वर गेला तर काय होतं ते ज्याने बघितलंय तो परत वाळूला हात लावत नाही.

माझ्या पहिल्या टँकमध्ये क्रश्ड कोरल होतं. ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे, पांढरेशुभ्र, दिसायला फार छान. अडचण अशी की दाणे मोठे म्हणजे मधल्या फटी मोठ्या, आणि माशांचं उरलेलं खाणं, विष्ठा सगळं सरळ त्या फटींमध्ये उतरतं आणि तिथेच सडत बसतं. वरून टँक चकाचक दिसतो. मी दर आठवड्याला सायफनने उपसायचो तेव्हा ठीक होतं, पण मध्ये दोन महिने कामाच्या गडबडीत ते राहिलं आणि नायट्रेट चढत गेला तो पाणी बदलून पण खाली येईना. शिवाय अशा रेवेत वाळूत राहणारे मासे राहूच शकत नाहीत. नुसते मासे ठेवायचे असतील आणि दर आठवड्याला उपसायची तयारी असेल तर चालेल, रीफसाठी मी परत घेणार नाही.

मग गेलो दुसऱ्या टोकाला. ऊलाइट, म्हणजे अगदी बारीक, साखरेच्या दाण्याएवढी आणि त्याहून पण बारीक वाळू. ही बहामाच्या उथळ समुद्रात तयार होते, एखाद्या सूक्ष्म कणाभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे थर चढत जातात आणि लाटांमध्ये घोळून घोळून दाणा गोल होतो. हातात घेतली तर रेशमासारखी लागते. डायमंड गोबी या वाळू चाळणाऱ्या माशासाठी याहून चांगली वाळू नाही, तो तोंडात भरतो, कल्ल्यांतून बाहेर सोडतो, दिवसभर तेच काम. पण माझ्या टँकमध्ये कोरलसाठी दोन वेवमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारे पंप) होते आणि ते चालू केले की एका कोपऱ्यात काच उघडी पडायची आणि समोरच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग. वेवमेकर वर केले, तिरके केले, कमी वेगावर ठेवले, मग ॲक्रोपोरा कोरल कुरकुरायला लागले कारण त्यांना फ्लो (प्रवाह) कमी पडला. रोज सकाळी खालच्या झोएंथस आणि ब्रेन कोरलवर वाळूची पूड बसलेली, ती टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) उडवायची, आणि एक ब्रेन कोरल जो दोन दिवस वाळूखाली अर्धा राहिला त्याचं तेवढं टिश्यू गेलंच. कमी फ्लोचा टँक असेल, सॉफ्ट कोरल, सीहॉर्स वगैरे, तर ऊलाइट अगदी बिनधास्त घ्या. एसपीएस, म्हणजे ॲक्रोपोरासारखे बारीक पॉलिपचे कडक कोरल, ठेवणार असाल तर नको.

या दोन टोकांच्या मधे जी वाळू आहे ती म्हणजे १ ते २ मिलिमीटर. कॅरिबसीची स्पेशल ग्रेड याच मापाची आहे, बाकी कंपन्या पण या मापाची विकतात, नावं वेगळी असतात, म्हणून नाव बघू नका, पिशवीवर मिलिमीटरमध्ये दाणा किती लिहिलाय ते बघा. माझ्या आत्ताच्या टँकमध्ये हीच आहे. वेवमेकर पूर्ण वेगावर असला तरी जागेवर राहते, फक्त थेट तोंडासमोर असेल तिथे थोडा खड्डा पडतो. घाण आत खोल जात नाही, वरच राहते, तिथून क्लीनअप क्रू (घाण खाणाऱ्या गोगलगायी, खेकडे वगैरे) खातो किंवा फ्लोने उचलून फिल्टरकडे जाते. नासारियस गोगलगायी हिच्यात आरामात बुडून बसतात आणि खाण्याचा वास आला की बाहेर येतात. डायमंड गोबी पण हिच्यात काम करतो, ऊलाइटइतक्या खुशीने नाही, पण करतो.

आता ॲरगोनाइटच का, यावर थोडं. ॲरगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, कोरल आपला सांगाडा ज्याचा बनवतात तेच खनिज. पिशव्यांवर असं लिहिलेलं असतं की ही वाळू पीएच ८.२ वर धरून ठेवते, आणि बरेच जण त्याच कारणासाठी जास्त पैसे देतात. ते तसं होत नाही. रीफ टँकचं पाणी कॅल्शियम कार्बोनेटने आधीच अतिसंपृक्त असतं, म्हणजे त्यात आणखी विरघळायला जागाच नाही. कॅल्शियम रिॲक्टरमध्ये मीडिया (आत भरलेले कॅल्शियम कार्बोनेटचे तुकडे) विरघळवायला कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ६.५ च्या आसपास आणावा लागतो, यावरून कल्पना करा. वाळूच्या आतल्या थरांमध्ये जिवाणूंच्या कामामुळे पीएच खाली येतो तिथे थोडीफार विरघळत असेल, पण त्या जोरावर अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचं डोसिंग (नियमित भर घालणं) बंद करता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी ॲरगोनाइट घ्या म्हणतो ते दुसऱ्या कारणांसाठी. ती मऊ असते, मोह्सच्या मापात (खनिजांच्या कडकपणाचं माप) साधारण ३.५ ते ४, आणि काच ५.५ च्या आसपास, त्यामुळे मॅग्नेट क्लीनरमध्ये (काच पुसायचं चुंबकाचं साधन) दाणा अडकला तरी काचेवर ओरखडा पडत नाही. ॲक्रिलिकचा टँक असेल तर मात्र कुठलीही वाळू ओरखडे पाडेल, तिथे खालच्या पट्ट्यात मॅग्नेट न्यायचाच नाही. आणि दुसरं कारण, रीफसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळूत काय आहे ते माहीत असतं. बांधकामाच्या वाळूबद्दल तशी खात्री कुणीच देत नाही.

इथे सिलिकाचा विषय काढायलाच हवा कारण स्वस्तातली वाळू म्हटलं की सगळे तिथेच जातात, आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी फार टोकाचं बोललं जातं. एक म्हणतात सिलिका टाकली की डायटमचा (सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) तपकिरी थर कधीच जात नाही. हे बरोबर नाही. क्वार्ट्झ खाऱ्या पाण्यात इतक्या हळू विरघळतो की त्याचा हिशोबच धरायला नको, नव्या टँकमध्ये तपकिरी थर ॲरगोनाइटवर पण येतो आणि काही आठवड्यांत जातो, आणि जात नसेल तर बहुतेक वेळा सिलिकेट तुम्ही भरताय त्या पाण्यातून येतंय, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ डीआय फिल्टरचं रेझिन संपलेलं असतं. मी स्वतः एका छोट्या फ्रॅग टँकमध्ये (कोरलचे तुकडे वाढवायचा टँक) पूल फिल्टरची सिलिका वाळू दीड वर्ष ठेवली, साधारण अर्धा मिलिमीटर एकसारखा दाणा, धुवायला सोपी, कोरलना काहीही झालं नाही, डायटम नेहमीइतकेच आले आणि गेले.

मग ती घ्या असं का म्हणत नाही? कारण क्वार्ट्झ मोह्सच्या मापात ७ आहे, काचेपेक्षा कडक. त्या फ्रॅग टँकच्या पुढच्या काचेवर खालच्या बाजूला तीन लांब ओरखडे आहेत, एकेक दाणा मॅग्नेटमध्ये अडकला आणि माझ्या लक्षात येईपर्यंत काचभर फिरला. वाळूत जेवढे पैसे वाचले त्याच्या कितीतरी पट काचेचं नुकसान. प्ले सँड तर पूल फिल्टरच्या वाळूपेक्षा पण बेभरवशाची, कारण ती मुलांच्या खेळासाठी चाळलेली असते, तिच्यात क्वार्ट्झबरोबर दुसरी कुठली खनिजं आहेत हे बॅचप्रमाणे बदलतं, धूळ भरपूर असते, आणि कोरडी ओतताना ती धूळ तुमच्या फुप्फुसात जाते. सिलिकाची बारीक धूळ सतत श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो, एकदा ओतण्याने होणार नाही, पण मास्क लावा आणि पिशवीतच पाणी ओतून वाळू ओली करून मगच बाहेर काढा, एवढं करायला काही जात नाही. फार मोठा टँक आहे, बजेट खरंच नाहीये, तर पूल फिल्टरची वाळू नीट धुऊन टाका आणि मॅग्नेट वाळूपासून चार बोटं वर ठेवा, तुमचे कोरल जगतील. ज्यांच्याकडे तेवढेच पैसे आहेत त्यांनी त्यासाठी रीफ करायचं थांबू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

काळी वाळू बऱ्याच जणांना आवडते, रंग उठून दिसतात. ज्वालामुखीच्या दगडाची असेल तर तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असू शकतात आणि ते मॅग्नेट क्लीनरला सरळ चिकटतात. विकत घ्यायच्या आधी चुंबक फिरवून बघा. रंग दिलेली, कोटिंग केलेली रेव रीफमध्ये नकोच, कोटिंग कधी ना कधी सुटतं.

समुद्रकिनाऱ्यावरून वाळू आणायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो, माझ्या पण आला होता, फुकट आहे आणि समुद्राचीच आहे. पण किनाऱ्यावरच्या वाळूत तेलाचे अंश, प्लॅस्टिकचे कण, सांडपाण्यातून आलेलं काहीही असू शकतं, बऱ्याच किनाऱ्यांवरची वाळू कोरलची नसतेच तर नदीने वाहून आणलेली क्वार्ट्झ असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती उचलणं कायद्याने बंद पण आहे. सोडून द्या.

आता लाइव्ह सँड. ओली, सीलबंद पिशवी, आत जिवंत जिवाणू आहेत असं लिहिलेलं. मी दोनदा घेतली. पहिल्यांदा ठीक निघाली, दुसऱ्यांदा पिशवी फोडली आणि सडलेल्या अंड्यासारखा वास आला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ती पिशवी दुकानात किती दिवस आणि कशा उन्हात पडून होती ते मला माहीत नाही. ती थोडी बादलीत खाऱ्या पाण्यात टाकली तर दुसऱ्या दिवशी अमोनियाची टेस्ट गडद हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर. नशीब म्हणजे टँकमध्ये टाकायच्या आधी बादलीत टाकली. ज्या टँकमध्ये आधीपासून मासे आहेत तिथे अशी पिशवी सरळ ओतली असती तर काय झालं असतं याचा विचार पण करवत नाही.

खराब निघाली नाही तरी हिशोब काही पटत नाही. भिजलेल्या वाळूच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा पाणीच असू शकतो, आणि आपण पैसे देतो ते पिशवीच्या वजनाचे. वर तिची किंमत किलोमागे कोरड्या वाळूपेक्षा जास्त. आणि त्या पिशवीत जास्तीत जास्त जिवाणू असतील, छोटे ब्रिसल वर्म (केसाळ किडे), कोपेपॉड, ॲम्फिपॉड (इवले कवचधारी जीव) यातलं काही बंद पिशवीत महिनोन्महिने जगत नाही. वाळू खऱ्या अर्थाने जिवंत होते ती या प्राण्यांनी. जुन्या टँकमधली वाटीभर वाळू आणून कोरड्या वाळूवर पसरली की एक-दोन महिन्यांत काचेतून वाळूच्या थरात बारीक बोगदे दिसायला लागतात, रात्री टॉर्च मारला की कोपेपॉड धावताना दिसतात. माझ्या आत्ताच्या टँकमध्ये मी असंच केलं, एका मित्राच्या सहा वर्षं जुन्या टँकमधून त्याने मला वाळू दिली, आणि सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये स्थिरावणं) पूर्ण व्हायला चार आठवडे लागले.

फक्त ज्याच्याकडून वाळू घेताय त्याला दोन प्रश्न आवर्जून विचारा. टँकमध्ये एप्टेशिया (वेगाने पसरणारं त्रासदायक ॲनिमोन) किंवा फ्लॅटवर्म (चपटे किडे) आहेत का, आणि टँकमध्ये कधी कॉपरचं औषध टाकलं होतं का. एप्टेशिया तर काहीतरी करून काढता येतो. कॉपरचं तसं नाही, ते कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि हळूहळू पाण्यात सुटत राहतं, आणि माशांना जे कॉपर सहन होतं तेवढ्याने श्रिंप, गोगलगायी आणि कोरल मरतात. उत्तर "आठवत नाही" असं आलं तरी ती वाळू घेऊ नका.

सेकंडहँड टँक घेताना जुनी वाळू फुकट मिळते त्याबद्दल पण हेच. फॉस्फेटचा प्रश्न तिथे आणखी येतो, कारण ॲरगोनाइट फॉस्फेट धरून ठेवते, पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तेव्हा घेते आणि पाण्यात कमी झालं की परत सोडते. म्हणजे आधीच्या मालकाने पाच वर्षं भरमसाट खाणं टाकलं असेल तर ते सगळं तुमच्या नव्या टँकमध्ये महिनोन्महिने येत राहणार, तुम्ही जीएफओ (फॉस्फेट शोषणारं फिल्टर मीडिया) बदलत बसणार आणि हिरवं शेवाळं काही हटणार नाही. अशी वाळू मला मिळाली तर वरची वाटीभर सीडिंगसाठी (नव्या वाळूत जीव सोडायला) ठेवेन, तीही कॉपरचा आणि किडीचा प्रश्न मिटला असेल तरच, आणि बाकीची टाकून देईन.

बिननावाची, सुट्टी, स्वस्त पांढरी वाळू दुकानात "कोरल सँड" म्हणून मिळते आणि ती घ्यावी की नाही हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. तिच्यात चांगली पण निघते, मी स्वतः एकदा अशीच घेतली आणि ती उत्तम निघाली, पण तपासल्याशिवाय घेऊ नका. मी काय करतो ते सांगतो. आधी थोडीच घ्यायची, किलोभर. घरी आणून चमचाभर वाळू काचेच्या वाटीत घ्यायची आणि वर व्हिनेगर ओतायचं. बुडबुडे येऊन फसफसली तर कार्बोनेट आहे, काहीच झालं नाही तर सिलिका. पण फसफसली म्हणजे समुद्राची वाळूच आहे असं नाही हे लक्षात ठेवा, चुनखडी आणि संगमरवराचा चुरा पण तसाच फसफसतो, आणि डोलोमाइट असेल तर जेमतेम, हळूहळू बुडबुडे येतात. म्हणून मग भिंग घेऊन दाणे बघायचे. समुद्रातल्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे, गोल झालेले कोरलचे कण, कधी कधी इवल्या फोरामिनिफेराची (एकपेशीय समुद्री जीव) कवचं दिसतात, कडा झिजलेल्या असतात. दगड फोडून केलेल्या चुऱ्याचे दाणे धारदार, कोनाकोनाचे आणि सगळे एकसारखे दिसतात, आणि ती धार गोबीच्या कल्ल्यांना आणि वाळूत झोपणाऱ्या रास माशाच्या अंगाला लागते. अशी वाळू कितीही स्वस्त असली तरी मी परत ठेवतो.

मग चुंबक. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालायचा आणि कोरड्या वाळूतून फिरवायचा, म्हणजे कण चिकटले तर पिशवी उलटी करून वेगळे काढता येतात. एखाददुसरा काळा कण मी चालवून घेतो, पण दाढीसारखी काळी झालर लटकली तर ती वाळू रीफमध्ये जाणार नाही.

शेवटी बादली, आणि हीच खरी परीक्षा. वाळू धुवायची, बादलीत ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) ताजं खारं पाणी भरायचं, छोटा पंप लावायचा आणि आठवडाभर ठेवायचं. पाणी टाकताना फॉस्फेट मोजून ठेवायचा, नाहीतर नंतर वाढला की मिठातून आला की वाळूतून ते कळत नाही. आठवड्याने फॉस्फेट, अमोनिया आणि कॉपर मोजायचे. माझ्या एका बॅचमध्ये फॉस्फेट सुरुवातीला शून्याजवळ होता आणि आठव्या दिवशी ०.२५ पीपीएम, म्हणजे मी एरवी टँकमध्ये ०.०५ च्या आसपास ठेवतो त्याच्या पाचपट, आणि ही कोरी वाळू होती, कुणी वापरलेली नाही. पाणी बदलून परत आठवडाभर ठेवली तर ०.१ वर आली, तिसऱ्यांदा त्याहून खाली, आणि मग मी ती वापरली. कॉपरची टेस्ट जरा जरी रंग दाखवत असेल तर मात्र धूत बसू नका, वाळू गेली. सगळं व्यवस्थित असेल तर त्या बादलीत एक-दोन गोगलगायी सोडून चार-पाच दिवस बघतो, त्या मजेत फिरत असतील तर मी निश्चिंत.

हा सगळा खटाटोप बघून वाटेल की नावाजलेल्या कंपनीची पिशवीच घ्यावी. वेळ नसेल तर तेच करा. पण मोठ्या टँकला किलोकिलोने वाळू लागते आणि तिथे फरक बराच पडतो, तेव्हा आठवडाभर बादली सांभाळणं मला जड वाटत नाही.

किती लागते याचा हिशोब दुकानदारावर सोडू नका. टँकची लांबी, रुंदी आणि हवी तेवढी वाळूची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, तेवढे लिटर वाळू, आणि त्याला दीडने गुणलं की साधारण किलो. म्हणजे ९० बाय ४५ चा तळ आणि ४ सेंटिमीटर उंची धरली तर १६.२ लिटर, सुमारे २४ किलो. त्यातून रॉक जिथे टेकतात तेवढी जागा वजा होते, म्हणून माझ्या टँकला २० किलोमध्ये झालं. पैसे वाचवायची सगळ्यात सोपी जागा ही आहे, कारण बरेच जण छान दिसतं म्हणून ७-८ सेंटिमीटर भरतात आणि त्याचा कुठलाच फायदा मिळत नाही, तो थर नीट साफ पण करता येत नाही आणि नायट्रेट कमी करायला पुरेसा खोल पण नसतो. डीप सँडबेड करायचा तर १० ते १५ सेंटिमीटर बारीक वाळू लागते, तिच्या खालच्या ऑक्सिजन नसलेल्या भागात जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, पण तो नंतर कधी उकरायचा नाही, आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. मी त्या वाटेला जात नाही. ३ ते ४ सेंटिमीटर आणि दर पाणी बदलताना वाळूचा एक भाग सायफनने साफ, असं माझं चाललंय.

अपवाद माशांमुळे करावा लागतो. येलो कोरिस किंवा मेलानुरस रास ठेवायचा असेल तर तो रात्री वाळूत घुसून झोपतो, त्याला निदान ५ सेंटिमीटर लागतात. अख्ख्या टँकमध्ये भरायची गरज नाही, मी एका मागच्या कोपऱ्यात रॉकच्या आड उंचवटा करून दिलाय, तो बरोबर तिथेच जातो. जॉफिश हवा असेल तर याहून खोल आणि वाळूबरोबर शिंपल्याचे, रॉकचे छोटे तुकडे पण, म्हणजे त्याचं बीळ ढासळत नाही. सँड सिफ्टिंग स्टारफिश मात्र आणू नका. तो वाळूतले सगळे बारीक जीव खाऊन टाकतो आणि मग स्वतः उपाशी मरतो, छोट्या टँकमध्ये तर हमखास.

धुण्याबद्दल. बादलीत तिसरा हिस्सा वाळू, वरून नळाची धार, हाताने खालपासून ढवळायची, दुधासारखं पाणी ओतून द्यायचं, आणि हे आठ-दहा वेळा. ऊलाइट कितीही धुतली तरी पूर्ण साफ होत नाही, १ ते २ मिलिमीटरवाली लवकर होते. शेवटचं पाणी आरओचं. रॉक आधी थेट काचेवर बसवायचे आणि वाळू नंतर त्यांच्याभोवती, उलटं केलं तर गोबी किंवा पिस्टल श्रिंप खालून उकरतात आणि रॉक घसरतो, मला एकाने फोटो दाखवलाय, रॉक घसरून काचेला तडा गेलेला. वाळू टाकताना जाड पीव्हीसी पाइप तळापर्यंत धरायचा आणि त्यातून ओतायची. चालू टँकमध्ये टाकत असाल तर एका दिवसात सगळी नको, थोडा थोडा भाग करत दोन-तीन आठवडे घ्या. पाणी दोन-तीन दिवस धुरकट राहील, फिल्टर फ्लॉस (कापसासारखी गाळणी) रोज बदला.

वाळूच नको, बेअर बॉटम ठेवतो म्हणणारे पण आहेत आणि एसपीएसवाल्यांसाठी ते सोयीचं आहे, फ्लो हवा तेवढा वाढवता येतो. मला गोबी, नासारियस आणि रास हवे आहेत म्हणून मी वाळू ठेवतो.

माझ्या टँकमध्ये ही १ ते २ मिलिमीटरवाली वाळू पडून आता तीन वर्षं होतील. वरचा थर पांढरा राहिलाय, काचेजवळ खाली थोडा हिरवट-जांभळा पट्टा दिसतो तो उजेडामुळे, त्याला मी हात लावत नाही. सायफनमधून दर वेळी थोडी थोडी वाळू जातेच, वर्षभरात पुढची बाजू जवळजवळ अर्धा सेंटिमीटर खाली गेली होती, म्हणून घेताना २-३ किलो जास्त घ्या. उरलेली कोरडी ठेवली तर खराब होत नाही. मी ती झाकणाच्या डब्यात ठेवलीय, वर बॅचची तारीख आणि बादलीतल्या टेस्टचे आकडे लिहून चिकटवलेत, आणि लागेल तेव्हा दोन वाट्या धुऊन पाइपमधून त्या पुढच्या कोपऱ्यात सोडतो.